जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला तडा गेलाय, वेल्डिंग करून घेऊ का?

तळ्याकाठचा | ११ मे
नमस्कार मंडळी. मी मिनेसोटात राहतो, घरापासून वीस मिनिटांवर तळं आहे आणि इतकी वर्षं नुसता काठावरून गळ टाकत होतो. मागच्या महिन्यात एका आजोबांकडून १४ फुटी जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी घेतली, ट्रेलरसकट. रिव्हेट मारलेली आहे, म्हणजे पत्रे धातूच्या खिळ्यांनी जोडलेत, वेल्डवाली नाही. आजोबांनी आधीच खरं सांगितलं होतं की थोडं पाणी येतं, डबा ठेव सोबत. पहिल्या फेरीत अर्ध्या तासात घोट्याइतकं पाणी झालं, परत आलो.

उलटी करून बघितली तर मागच्या भिंतीच्या, म्हणजे जिथे मोटर लटकते त्या ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात साधारण चार इंचाचा तडा दिसतोय. त्यावर कोणीतरी कधीतरी राखाडी लुकण फासलंय. शिवाय मधल्या बाकाखाली कण्याजवळच्या काही रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी जमलीये, तिथूनही झिरपत असावं. पत्रा २ मिलिमीटरच्या आतबाहेर आहे.

प्रश्न असा की हे सगळं वेल्डिंग करून एकदाच बंद करावं का? रिव्हेटांवरूनही वेल्डचा पट्टा ओढता येईल का? बाबा जूनमध्ये देवगडहून येतायत तीन महिन्यांसाठी. त्यांचं आयुष्य होडीवर गेलंय आणि गुडघ्यांमुळे चार वर्षं ते पाण्यात गेलेले नाहीत. त्यांना ह्या होडीतून न्यायचंय. त्यामुळे घाई आहे, पण कच्चं काम नकोय.

नुसतीवाचक | ११ मे
कसलं भारी! बाबांसाठी तरी होडी नीट होऊ दे. माहिती काही नाही, पण धागा वाचत राहणार.

आर्गॉनवाला | ११ मे
भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं अ‍ॅल्युमिनियमच जोडतोय. ट्रकचे रेडिएटर, इंजिनाची हेडं, डेअरीच्या टाक्या. होड्या फार आल्या नाहीत, पण दोन-चार केल्यात, धरणातल्या.

पहिलं म्हणजे रिव्हेटांना टॉर्च लावू देऊ नका. कोणी कितीही सांगितलं तरी नाही. दोन पत्रे एकमेकांवर चढवलेले असतात, मधे जुना सीलंट, तेल, तळ्यातला गाळ, ओल असं सगळं अडकलेलं असतं. उष्णता लागली की ते उकळून बाहेर येतं नि वेल्डमधे भोकंच भोकं पडतात, इडलीसारखी. वर अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे एक रिव्हेट झाकायला जाल नि शेजारचे चार ढिले होतील. रिव्हेटाचं काम रिव्हेटानेच करायचं.

तड्याचं वेल्डिंग होतं, चांगलं होतं. एसी टिग पाहिजे, म्हणजे टंगस्टनच्या सुईने आर्गॉन वायूत केलेलं वेल्डिंग, तेही दिशा उलटसुलट बदलणाऱ्या विजेवर. हे नीट लक्षात घ्या कारण इथे पण लोक फसतात, स्वस्तातलं टिग मशीन घेतात आणि ते फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या विजेचं असतं. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडची कातडी असते. धातू ६६० अंशाला वितळतो आणि ती कातडी २००० च्या वर. म्हणजे आत पाणी झालेलं असतं तरी वर साय तशीच. एसीच्या उलट्या अर्ध्या फेरीत ती कातडी फुटते, म्हणून एसी. आणि हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही, आत्ता घट्ट दिसतो नि पुढच्या क्षणी ढासळून भोक पडतं. २ मिमीवर नवशिक्याने हात चालवू नये.

मी_करून_बघतो | १२ मे
मिशिगनमधून. एवढं महाग काही करायची गरज नाही हो. बाजारात कमी तापमानाच्या जस्तवाल्या कांड्या मिळतात, साधी प्रोपेनची टॉर्च पुरते. पत्रा तापवायचा, स्टीलच्या ब्रशने खरवडायचं, कांडी घासली की वितळून बसते. माझ्या छोट्या होडीला तीन सीझन झाले, थेंब येत नाही. आर्गॉनवाले दादा, तुमचं बरोबर असेल पण सगळ्यांना तुमच्यासारखा कारागीर मिळत नाही.

आर्गॉनवाला | १२ मे
@मी_करून_बघतो, तुमचं कुठे होतं? तळाला छोटं भोक होतं की तडा?

मी_करून_बघतो | १२ मे
भोक. खडकावर आपटून पडलेलं, करंगळीएवढं.

आर्गॉनवाला | १२ मे
मग बसलं त्यात नवल नाही. भोकाला कोणी ओढत नाहीये. ह्यांचा तडा मोटरच्या कोपऱ्यात आहे, तिथे मोटर चालू असताना दर सेकंदाला हिसका बसतो. जस्ताची कांडी वरून चिकटते, पत्रा वितळून एकजीव होत नाही. ह्या जागी ती टिकणार नाही. आणि चिकटवण्यासाठी आजूबाजूचा वीतभर पत्रा तापवलात तर तोही मऊ पडणार.

धातुकन्या | १२ मे
मऊ पडण्याबद्दल थोडं लिहिते, मी इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवते.

पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम बघितलंय का कोणी? तांब्याचं भांडं हातोडीने ठोकत जातात तसं ते कडक होत जातं, आणि भट्टीत घातलं की परत मऊ. होडीचा पत्रा बहुतेकदा ५०५२ नावाच्या मिश्रधातूचा असतो, त्यात साधारण अडीच टक्के मॅग्नेशियम. त्याचा कडकपणा असाच थंड लाटून आणलेला असतो. वेल्डिंगची उष्णता लागली की जोडाच्या दोन्ही बाजूंची पट्टी मऊ होते आणि तो कडकपणा परत आणता येत नाही. काही जुन्या होड्या नि कनू ६०६१ च्या असतात. त्या तर भट्टीत उष्णतेचे संस्कार देऊन कडक केलेल्या, आणि वेल्डजवळ त्यांची ताकद चाळीसेक टक्क्यांनी उतरू शकते. म्हणून नवा तडा वेल्डमधे न जाता वेल्डच्या शेजारून जातो आणि लोक म्हणतात वेल्डरने वाईट काम केलं.

तेव्हा @तळ्याकाठचा, तडा भरण्याआधी तो गेला का ते शोधा. धातू थकून तुटतो तेव्हा कुठेतरी काहीतरी हलत असतं.

ब्रिस्बेनकर | १२ मे
धातुकन्याला दहा वेळा अनुमोदन! आमच्याकडे ऑस्ट्रेलियात ह्या होड्यांना टिनी म्हणतात, प्रत्येक तिसऱ्या घरापुढे एक उभी असते. आमच्या टिनीला तळाला तडा गेला, वेल्ड केला, आठ महिन्यांत तिथेच दीड इंच पलीकडे परत तडा. मग एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने ट्रेलरखाली वाकून दाखवलं, रबरी रोलर दोनच होते आणि होडीचा सगळा भार त्या दोन ठिकाणी. रस्त्यावर खड्डा आला की तिथेच आदळणार. म्हणजे होडी पाण्यात नाही तर रस्त्यावर तुटत होती. रोलर काढून कार्पेट लावलेल्या लांब फळ्या बसवल्या, परत वेल्ड केलं, सहा वर्षं झाली.

तुमचा कोपरा ट्रान्समचा आहे. मोटरचा भार घेणारी आतली लाकडी फळी बघा. बहुतेक कुजली असेल.

देवबाग | १३ मे
आमच्याकडे आता सगळं फायबर. तडा गेला की मॅट, रेझिन, हार्डनर, दुसऱ्या दिवशी दर्यात. लाकडाच्या होडीच्या फटीत आजोबा कापूस नि राळ भरायचे ते आठवतं. अ‍ॅल्युमिनियमची होडी आमच्या बंदरात बघितलीच नाही. आमच्या आजीच्या भाषेत हो 'जर्मनचो टोप', तेची होडी करून लोक पाण्यात जातत म्हटलं तर तिने हात जोडले असते :)

बाबा देवगडचे म्हणजे आमचेच. त्यांका विचारा, पाणी कुठून येतं ते त्यांका बरोबर कळेल.

तळ्याकाठचा | १३ मे
@देवबाग, काल रात्री फोनवर विचारलंच. म्हणाले, "आधी पाणी खयसून येता ता बघ. भायर नको बघूस, आत पाणी घाल." म्हणजे होडीच्या आत पाणी भरायचं आणि बाहेरून थेंब कुठे येतो ते बघायचं. इतकं सोपं मला सुचलं नव्हतं.

@ब्रिस्बेनकर, फळी बघतो. आत ठोकल्यावर आवाज बद्द येतोय.

शिपयार्ड_निवृत्त | १३ मे
वास्को. गोदीत तपासणीच्या खात्यात नोकरी झाली. बाबांची पद्धत अगदी बरोबर, पण पाणी ट्रेलरवर असताना भरू नका. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, ती होडी बाहेरून पाण्याचा दाब घ्यायला बनवलीये, आतून टांगलेला भार घ्यायला नाही. गवतावर टायर मांडून त्यावर ठेवा, तीन-चार इंच पाणी पुरे. गळेल तिथे मेणखडूने खूण.

वेल्डिंगपूर्वी सफाईचा क्रम: आधी अ‍ॅसिटोनने तेलकटपणा काढा, मग स्टेनलेस स्टीलचा ब्रश. उलटं केलंत तर ब्रशने तेल धातूत चोळलं जातं. आणि तो ब्रश आयुष्यात लोखंडाला लावायचा नाही. राखाडी लुकण आहे म्हणताय ते पूर्ण खरवडून आजूबाजूच्या दोन इंचापर्यंत चकचकीत पत्रा दिसला पाहिजे.

एक कळकळीची सूचना. साफ करायला ब्रेक क्लीनरचा डबा उचलू नका. काहींमध्ये क्लोरीनवाली रसायनं असतात, वेल्डिंगच्या प्रकाशात त्यातून फॉस्जीन तयार होतो. तो विषारी वायू आहे. तसंच बाकाखाली फोम असतो तरंगण्यासाठी, तो पेटला तर धूर जीवघेणा. वेल्डरला आधी सांगा फोम कुठे आहे, आणि पेट्रोलची टाकी होडीतून पूर्ण बाहेर.

नुसतीवाचक | १३ मे
बाप रे. एवढ्याशा होडीत एवढ्या गोष्टी.

कृष्णाकाठ | १४ मे
सांगलीहून लिहितोय. २०१९ च्या पुरात आमच्या मंडळाने एका संस्थेकडून आलेली अ‍ॅल्युमिनियमची होडी वापरली होती. पूर ओसरल्यावर तळाला तडा दिसला, जवळच्या एका वर्कशॉपमधे नेली, त्याने सांगितलं होऊन जाईल, संध्याकाळी या. झालं पण. रंग मारला, छान दिसायला लागली. २०२१ च्या जुलैत परत पाणी वाढलं तेव्हा बाहेर काढली तर पहिल्याच चाचणीत त्या जोडातून कारंजं. नशीब की आम्ही माणसं बसवायच्या आधी नुसती पाण्यात सोडून बघितली. नंतर कळलं की वेल्ड वरवर चिकटलेलं होतं, आत पोचलेलंच नव्हतं. ब्राह्मणाळला २०१९ च्या पुरात बचावाची होडी उलटून माणसं बुडाली ते आमच्या भागात प्रत्येकाला माहितीय, कारण वेगळं होतं तिथलं, पण तेव्हापासून होडीच्या बाबतीत 'होऊन जाईल' हा शब्द ऐकला की मला झोप येत नाही.

रंगाच्या आधी तपासा. रंग लागला की सगळे जोड सारखेच दिसतात.

आर्गॉनवाला | १४ मे
@कृष्णाकाठ, पोटातलं बोललात. डीपी टेस्ट करून घ्या, दोन-तीन स्प्रेचं काम आहे. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर. तडा राहिला असेल तर लाल रेघ उमटते.

आणि तळ्याकाठच्या भाऊ, वेल्डरने तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडलं पाहिजे, मगच जोड. तडा डोळ्याला दिसतो त्याच्या थोडा पुढे गेलेला असतो, भोक पाडलं की त्याचं टोक बोथट होतं.

देवबाग | १४ मे
म्हणजे होडीतून पाणी येतं म्हणून अजून दोन भोकं पाडायची? बाबांना हे मी नाही सांगणार :)

मी_करून_बघतो | १४ मे
हे मात्र मला पटलं. विमानाच्या पत्र्याला पण तसंच करतात. आणि वरती मी जस्ताच्या कांडीचं लिहिलं ते ह्या कोपऱ्यासाठी मागे घेतो, भोक आणि तडा ह्यातला फरक माझ्या डोक्यात नव्हता.

बरं, फिलर रॉड, म्हणजे जोडात वितळवून भरायची कांडी, कुठला? इथे दुकानात ४०४३ सगळीकडे मिळतो, वाहतोही छान.

धातुकन्या | १५ मे
४०४३ मधे पाच टक्के सिलिकॉन. मॅग्नेशियम जास्त असलेल्या पत्र्यावर, म्हणजे ५०८३ किंवा ५०८६ वर, तो चालत नाही, जोडात ठिसूळ संयुग तयार होतं. ५०५२ त्याच्या सीमेवर आहे, जमतो. पण होडीला मी ५३५६ च सांगेन, पाच टक्के मॅग्नेशियमचा. जोड जास्त चिवट येतो.

आर्गॉनवाला | १५ मे
मी थोडा असहमत. पत्रा जुना, मळलेला, कुठल्या जातीचा ते माहिती नाही अशा वेळी ४०४३ जास्त माफ करतो, जोड थंड होताना फाटत नाही. इंजिनाच्या हेडावर मी तोच वापरतो.

धातुकन्या | १५ मे
हेड म्हणजे ओतीव अ‍ॅल्युमिनियम, त्यात मुळातच सिलिकॉन असतं, तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. पण हा लाटलेला पत्रा आहे, आणि दिवसभर हिसके खाणारा. तिथे चिवटपणा आधी.

शिपयार्ड_निवृत्त | १५ मे
धातुकन्या यांच्याशी सहमत. गोदीत ५०८३ ला ५१८३ नाहीतर ५३५६, ४०४३ ची कांडी होडीच्या कामाजवळ दिसली तर आम्ही उचलून बाहेर ठेवायचो.

थोडं विषयांतर. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे छोट्याच होड्या असं नाही. कोची वॉटर मेट्रो २०२३ मधे सुरू झाली, त्या विजेवरच्या बोटी अ‍ॅल्युमिनियमच्या कॅटामरान, म्हणजे जोड-तळाच्या आहेत, कोचीन शिपयार्डने बांधलेल्या. आणि चुकीचा मिश्रधातू निवडला तर काय होतं त्याचं मोठं उदाहरण अमेरिकन नौदलाचं. टायकोंडेरोगा वर्गाच्या क्रूझरांचं वरचं बांधकाम ५४५६ चं, मॅग्नेशियम पाच टक्क्यांच्या आसपास. असा धातू वर्षानुवर्षं उन्हात ६०-६५ अंशांच्या वर तापत राहिला की आतून बदलतो, समुद्राच्या हवेत कणांच्या कडेने गंजायला लागतो. त्या जहाजांना भेगांनी फार छळलं. वेल्डिंगच्या आधी पत्रा फार वेळ तापवत ठेवू नये असं आम्ही सांगायचो ते ह्याच भीतीने.

ब्रिस्बेनकर | १६ मे
फळी बदलणार असाल तर अजून एक, प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं प्लायवूड वापरू नका. त्यात तांबं असतं, अ‍ॅल्युमिनियमला लागून ओलं राहिलं की पत्रा खातं. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो तांब्याचा अँटिफाउलिंग रंगही नको. आमच्या मुलाने एकदा नाण्यांचा डबा सांडला होता होडीत, एक तांब्याचं नाणं बाकाखाली राहिलं, पावसाळाभर. तिथे नाण्याच्या आकाराचा खड्डा.

तळ्याकाठचा | २ जून
उशीर झाला, पण बरंच काम झालंय.

गवतावर पाणी भरून बघितलं. तड्यातून गळत होतंच, शिवाय सतरा रिव्हेट. फोटोत मेणखडूच्या खुणा बघून बाबा फोनवर म्हणाले, चाळणच हाडलंस.

ट्रान्समची आतली फळी काढली. काढली म्हणजे हाताने उकरली, काळा चुरा होता नुसता. म्हणजे मोटरचा सगळा भार इतकी वर्षं नुसत्या पत्र्यावर. ब्रिस्बेनकर आणि धातुकन्या, तुमचे शब्द आठवले. नवीन मरीन प्लाय आणून कडांसकट इपॉक्सीचे तीन हात दिले, बोल्टची भोकंसुद्धा इपॉक्सीने भिजवली.

वेल्डिंगला तीन ठिकाणी विचारलं. एकाने बघितल्याबरोबर सांगितलं सगळ्या रिव्हेटांवरून वेल्ड मारून देतो. आर्गॉनवाल्यांचं वाक्य कानात होतं, तिथून निघालो. दुसऱ्याने जुन्या होडीला हातच लावणार नाही म्हटलं. तिसरे एका खेडेगावातले, शेतीची अवजारं दुरुस्त करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, फोम कुठे आहे? तिथेच मला पटलं.

लुकण काढल्यावर तडा चार नाही, सात इंच निघाला. दोन्ही टोकांना भोकं, तड्याला खोल चर, मागे तांब्याची पट्टी धरून एसी टिगने ५३५६ चा जोड. एकदम ओढला नाही, इंच-दीड इंच करत थांबत, हात लावून बघत. मग आतून गोल कोपऱ्यांचा एक पत्रा, कोपरे चौकोनी ठेवले तर तडा तिथून सुरू होतो म्हणाले. डीपी टेस्टमधे एका टोकाला टाचणीएवढा लाल ठिपका आला. त्यांनी काही न बोलता तेवढं खरवडून परत केलं. मी बघत होतो म्हणून नाही, ते तसेच आहेत.

रिव्हेट मात्र राहिलेत. बाबा परवा येतायत.

आर्गॉनवाला | ३ जून
ह्या माणसाला माझा नमस्कार सांगा. लाल ठिपका दिसल्यावर परत करतो तो खरा वेल्डर.

तळ्याकाठचा | २८ जून
रिव्हेट झाले. आतून लोखंडाचा जड ठोकळा रिव्हेटाच्या शेपटीला धरायचा आणि बाहेरून डोक्यावर एअर हॅमर. ठोकळा बाबांनी धरला. मी म्हटलं हादरे बसतील, मित्राला बोलावतो, तर ऐकेनात. खुर्ची घेऊन होडीला टेकून बसले आणि प्रत्येक रिव्हेटानंतर बोट फिरवून "झाला" किंवा "अजून एक" एवढंच सांगत होते. बारा घट्ट बसले, पाच इतके झिजले होते की काढून एका मापाने मोठे टाकले, सीलंट लावून. परत पाणी भरलं. एका रिव्हेटातून अजून ओल येत होती, तिला आतून इपॉक्सी.

काल पाण्यात घातली. तीन तास होतो. बाबा नाळेवर बसले होते, पहिला अर्धा तास गळ टाकलाच नाही, नुसता हात पाण्यात. मग दोन वॉलाय मासे मिळाले, घरी येऊन त्यांनीच साफ केले, त्रिफळं घालून तिखलं केलं. "खाऱ्या पाण्यातलो नाय, पण बरो आसा" म्हणाले.

देवबाग | २८ जून
त्रिफळं मिनेसोटात!! बाबा घेऊनच आले असणार.

कृष्णाकाठ | २८ जून
वाचून बरं वाटलं. पाणी किती आलं ते सांगा.

तळ्याकाठचा | २९ जून
@देवबाग, हो, चार पुड्या.
@कृष्णाकाठ, तळाचं बूच काढून मोजलं, तीन तासांत चहाच्या कपाएवढं. त्यातलं अर्धं बाबांच्या हातावरून ओघळलेलं. शनिवारी परत जातोय, जोड कोरडा आहे का ते बघून लिहितो.